रेघेवरची गाडी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. फक्त वाचून झाल्यावर "तुमच्या मामांना भास झाला असेल" असं मला कळवू नका. भास एकट्याला होतो. त्या संध्याकाळी लॉरीत तीन माणसं जागी होती.

आणि चौथी मी होते. आईच्या पोटात.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरताना राजूरचा घाट लागतो. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती, तेव्हाची ही हकिगत. पौष महिना. अमावस्या दुसऱ्या दिवशी होती. वेळ दिवेलागणीची. भुतंखेतं मध्यरात्री दिसतात असं लोक म्हणतात, त्यांचं त्यांना लखलाभ. आमच्या घरात दिवेलागणीला घाट चढायचा नाही, हा नियम त्या दिवसापासूनचा आहे.

निवृत्तीमामा हा माझ्या आईचा सख्खा थोरला भाऊ. धामणगाव बढ्यात एका शेठच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. कापसाच्या गठाणी, सरकी, जे असेल ते पोचवायचा. एरवी पक्का थट्टेखोर. पारावर बसला की कुणाची ना कुणाची फिरकी घेतल्याशिवाय उठायचा नाही. पण एकदा का स्टेरिंग हातात आलं की माणूस बदलायचा. तेव्हा थट्टा नाही, घाई नाही, आणि शेठचंही ऐकणं नाही.

त्याच सुमाराला घाटात रेघ आली.

आमच्याकडे तोवर डांबरी रस्त्याचंच अप्रूप होतं. त्यात बांधकामाची माणसं आली आणि त्यांनी घाटाच्या मधोमध पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. सरळ रस्त्यावर तुटक तुटक. वळणावर मात्र सलग, अखंड. ती कशाला, हे कुणी गावाला सांगितलं नाही. मग गावानंच आपल्या मनानं अर्थ लावला.

बैलगाडीवाल्यांनी तर फारच छान लावला.

म्हणजे असं, की बैल दोन. एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे गाडीचा दांडा. आणि रस्त्याच्या बरोबर मधोमध सरकारनं ओढलेली रेघ. दांडा रेघेवर धरला की एक बैल रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि गाडी नाकासमोर. बैलांनाही सवय लागली. गाडीवान खुशाल डुलकी काढायला लागले. घाटात हीच रीत पडली, आणि रीत पाडणाऱ्यांत पहिला होता कडूबा.

कडूबा मामाच्याच आळीतला. वाळल्या मिरच्यांची पोती घेऊन बुलढाण्याच्या बाजाराला जायचा. उजवीकडे पांढरा बैल, डावीकडे तांबडा. पांढऱ्याच्या गळ्यात पितळी घुंगरमाळ. ती माळ वाजली की न बघता कळायचं, कडूबा आला.

मामानं त्याला किती वेळा समजावलं असेल.

"कडूबादादा, थे रेघ तुमच्या बैलायसाठी नाई. चढनाऱ्यानं अल्याडून जायचं, उतरनाऱ्यानं पल्याडून."

"मंग मधातून कोनं जायचं?"

"कोनंच नाई."

"वा रे बाप्पा! येवढी मधातली चांगली जागा. थे काऊन वाया घालवाची?"

सगळा पार हसला. मामाही हसला. पण जाता जाता पुन्हा म्हणाला, "दादा, तुटक रेघ म्हंजे फाटक. समोर मोकळं असलं तं उघडाचं. सलग रेघ म्हंजे भित. भितीतून कोनी गाडी घालते का?"

कडूबानं मान हलवली. कळल्यासारखी.

पुढच्या बाजाराला तो पुन्हा रेघेवरच होता.

दिवाळीनंतर एका सांजेला घाटाच्या मोठ्या वळणावर वरून एक लॉरी आली. तिनं रेघेपलीकडचा पांढरा बैल उडवला. बैलाबरोबर गाडी गेली, गाडीबरोबर कडूबा. उजवीकडची दरी तिथं फार खोल आहे. तांबड्या बैलाची जुवाची दोरी तुटली, म्हणून तो तेवढा वाचला. रस्त्याच्या कडेला थरथरत उभा सापडला.

लॉरी कुणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

कडूबाची बायको जनकाबाई गावची सुईण होती. अर्धं गाव तिच्या हातून जन्मलेलं. नवरा गेल्यापासून ती घाटाकडे तोंडसुद्धा करत नसे.

आता त्या संध्याकाळचं सांगते.

माझी आई, आशाबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. वडील सुलतानपूरला, लोणारकडे. सकाळपासून तिला कळा येत होत्या. जनकाबाई दिवसभर तिच्या उशाशी बसून होती. उन्हं कलली तशी ती बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच मामा उठून उभा राहिला.

"निवृत्ती, हे माह्या हातचं नाई राह्यलं बाबू. दोन हायेत. अन् एक आडवं हाये. बुलढाण्याले ने तिले. आत्ताच्या आत्ता."

शेठची लॉरी दारातच उभी होती. मामानं विचारलंही नाही. केबिनच्या लांब बाकावर गोधडी टाकली, आईला निजवलं. तिचं डोकं मांडीवर घ्यायला कुणीतरी हवं होतं.

जनकाबाई लॉरीच्या पायरीशी थबकली. घाट चढायचा होता.

आई कण्हली.

जनकाबाईनं पदर खोचला आणि वर चढली.

राजूर येईपर्यंत सगळं ठीक होतं. घाट सुरू झाला आणि धुकं उतरलं. असं तसं नाही. लॉरीचे दिवे लावले तरी पुढचं हातभर सोडून काही दिसेना. दिसत होती ती फक्त रेघ. मामा तिच्या डाव्या बाजूनं, दुसऱ्या गिअरमध्ये, हळूहळू चढत होता. त्याच आठवड्यात बांधकामाच्या माणसांनी मोठ्या वळणावर नवा रंग दिला होता. रंग ओला म्हणून मामाची लॉरी अडवली होती, तेव्हा तो उतरून तिथं बिडी ओढत उभा राहिला होता. सलग रेघ. एकसंध. त्याच्या डोळ्यांदेखत ओढलेली.

हे लक्षात ठेवा.

मोठं वळण जवळ आलं.

आणि मामाला ठसका लागला.

मग जनकाबाईला. मग आईला. केबिनच्या काचा बंद होत्या. तरी आत वास भरला होता...

वाळल्या मिरच्यांचा.

मामानं जनकाबाईकडे पाहिलं नाही. तिनं मामाकडे पाहिलं नाही. दोघंही समोर बघत राहिले.

मग आवाज आला.

छुन्... छुन्... छुन्...

लॉरीच्या इंजिनाचा केवढा तो गोंगाट. त्या गोंगाटात बैलाची माळ ऐकू येईल का, तुम्हीच सांगा. पण आली. अगदी कानाशी वाजावी तशी.

"दादा, पुढं गाडी हाये का कोनाची?" आईनं पडल्या पडल्या विचारलं. तिला तर पडून समोरचं काहीच दिसत नव्हतं. तिनंही फक्त ऐकलं होतं.

धुकं थोडं हललं.

बैलगाडी होती.

पोती भरलेली. रेघेवर. दांडा बरोबर रेघेच्या वर. रेघेच्या उजवीकडे पांढरा बैल, मान खाली घालून चालत होता.

आणि डावीकडे...

डावीकडे काही नव्हतं.

नुसतं जू. एका बाजूला बैल आणि दुसरी बाजू मोकळी. एका बैलावर असं जू राहत नाही हो, मोकळी बाजू जमिनीला टेकते. ते टेकलं नव्हतं. सरळ होतं. मोकळ्या बाजूला खालून कुणीतरी खांदा दिल्यासारखं.

मामानं हॉर्न दाबला. गाडी बाजूला झाली नाही. पुन्हा दाबला. बैलाच्या पावलात फरक पडला नाही. बैलाच्या चालीनं बैलगाडी आणि तिच्यामागे बैलाच्या चालीनं लॉरी.

आई किंचाळली. कळ शिरली होती. जनकाबाईनं खाली हात घातला आणि तिचा आवाजच बदलला.

"निवृत्ती, टाइम नाई राह्यला. पान्याची मोट फुटली. गाडी काढ."

"काकू, समोर..."

"मले दिसून राह्यलं समोर कोन हाये थे! नवरा हाये माहा. तू गाडी काढ!"

तेवढ्यात पोत्यांवर बसलेल्या माणसानं हात वर केला.

तोंड वळवलं नाही. नुसता उजवा हात. गाडीवान मागच्याला वाट देताना करतो तसा. जा, पुढं जा, मोकळं आहे.

"पाह्य! हात दाखून राह्यले थे!" जनकाबाई रडत ओरडली. "त्याईले वरून दिसते. जाय म्हनून राह्यले. जाय बाबू, माह्या पोरीचा जीव जाईन!"

मामानं खाली रेघेकडे पाहिलं.

रेघ तुटक होती.

पांढरा तुकडा... मोकळी जागा... पांढरा तुकडा... मोकळी जागा. म्हणजे फाटक. समोर मोकळं असलं तर उघडायचं. कडूबा सांगत होता मोकळं आहे. बहीण तडफडत होती. मामानं स्टेरिंग उजवीकडे वळवलं. पुढचं चाक रेघेवर चढलं...

आणि त्याला ती बिडी आठवली.

इथंच उभा राहून ओढली होती. समोर ओला रंग होता. सलग. मग आज ही तुटली कशी?

मामा मला सांगायचा, "पोरी, त्या टायमाले माह्या मनात भूत नव्हतं, देव नव्हता. येकच होतं. डोये खोटे बोलून राह्यले, का मी खोटा आठवून राह्यलो? अन् कडूबादादाले जितेपनी रेघ कयली नाई. आता मेल्यावर त्याच्या हातावर चार जीव कसे टाकू?"

चार म्हणायचा तो. खरं तर पाच होते. तो स्वतःला कधीच धरायचा नाही.

त्यानं स्टेरिंग परत डावीकडे घेतलं.

"निवृत्ती!" जनकाबाईनं त्याच्या दंडात नखं रुतवली.

"नाई काकू."

"अरे पाप लागन तुले!"

"लागू दे. भितीतून मी गाडी नाई घालत."

आणि तेव्हाच...

वरून काहीतरी आलं.

दिवे नाहीत. हॉर्न नाही. नुसती घरघर, आणि धुक्याला फाडत गेलेलं एक मोठं काळं धूड. रेघेच्या उजव्या बाजूनं. जिथं आत्ता मामाची लॉरी असती तिथून. काचा खळखळल्या. केबिन हललं. आई सांगायची, तिच्या पोटातली आम्ही दोघंही त्या क्षणी एकदम गप्प झालो.

मग खाली दरीत कुठंतरी एक घुंगरू वाजलं.

एकच.

मामानं समोर पाहिलं. बैलगाडी नव्हती. बैल नव्हता. वास नव्हता. दिव्यांच्या उजेडात रेघ होती, ओल्या दुधासारखी सलग, वळणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.



घाटमाथ्यावर जंगलाचा नाका होता. रस्त्यावर साखळी लावलेली असायची. लाकडं नेणाऱ्यांसाठी होती, पण गाडी कुठलीही असो, चढणारी की उतरणारी, नाकेदारानं साखळी सोडल्याशिवाय चाक हलत नसे. नाकेदार वहाबमियाँ कंदील घेऊन धावत आला. आत बघितलं आणि लगेच साखळी सोडली. गाडी हलवता हलवता मामानं विचारलं,

"वहाबमियाँ, आत्ता बिनलाइटची लॉरी सोडली थे कोनाची?"

"कोनती लॉरी?"

"आत्ता उतरली थे! काळी!"

वहाबमियाँनं कंदील वर धरून मामाचं तोंड पाहिलं. "निवृत्तीभाऊ, खुदा की कसम, दुपारच्या नमाजपासून साखळी सोडली नाई मी खाली उतरनाऱ्याले. दुपारपासून वर धुई हाये, ये धुईत कोन मरतंय उतरून? तुमी पयले."

मामानं गिअर टाकला आणि पुढे निघाला.

बुलढाण्याला दवाखान्यात पोचलो तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. त्या वळणावर किती वेळ गेला, हे मामाला कधीच सांगता आलं नाही. डॉक्टरांनी आईला लगेच आत घेतलं.

आधी मी झाले. मी रडले.

माझ्यामागून माझा भाऊ झाला.

तो रडला नाही.

डॉक्टर बाहेर आले. भला माणूस होता, दोष द्यायचा म्हणून बोलला नाही. हात पुसता पुसता सहज म्हणून गेला, "थोडं आधी आणलं असतं तर..."

मामा तिथंच भिंतीला टेकून खाली बसला.

तुम्हीच सांगा आता. ती लॉरी खरी होती, तर मामानं आम्हा सगळ्यांना वाचवलं. ती लॉरी नव्हतीच, तर त्यानं रेघ ओलांडायला हवी होती, आणि माझा भाऊ आज असता. कडूबा वाट देत होता की वाट अडवत होता? रेघ कुणी तोडली, आणि कुणासाठी? मामानं या प्रश्नांवर आयुष्य काढलं. मी पण काढतेय.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मामा एकटाच चालत त्या वळणावर गेला. रेघ अखंड होती. टिंबभरसुद्धा तुटलेली नव्हती. रस्ता रात्रीच्या दवानं भिजून काळा झाला होता. आणि रेघेच्या डाव्या बाजूला, जिथं जुवाची मोकळी बाजू होती तिथं, एक लाल मिरची पडली होती.

ओल्या रस्त्यावर... कोरडी.

जनकाबाईला त्यानं हे सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "येका बैलावर गाडी चालत नाई बाबू. त्याईले जोडी पायजे होती." त्यानंतर तिनं सुईणपण सोडलं. तांबडा बैल मरेपर्यंत तिनं गोठ्यातच सांभाळला. कुणालाही जुंपायला दिला नाही.

आईनं मामाला कधी बोल लावला नाही. पण तिची एक सवय होती. मला ती नेहमी उजव्या कुशीला घेऊन निजायची. डावीकडे तेवढीच जागा मोकळी ठेवायची. पांघरूणसुद्धा तिकडे पसरून घालायची. मी लहानपणी त्या जागेवर लोळत गेले की झोपेतही हात घालून मला परत ओढायची.

मामा लॉरी चालवत राहिला. घाटही चढत-उतरत राहिला, दिवसाउजेडी. मग मी चौथीत असताना एका संध्याकाळी तो अचानक आमच्याकडे सुलतानपूरला आला. आला तो थेट माझ्यासमोर उभा राहिला. खाऊ नाही, फिरकी नाही. मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं. माझ्या डोक्यावर पंजा आडवा ठेवला. मग मला बाजूला सारून चौकटीवरच्या त्या हाताकडे बघत राहिला.

मला वाटलं, मी किती वाढले ते बघतोय. मी टाचा उंच केल्या होत्या, म्हणून मनातून घाबरले.

त्याच आठवड्यात त्यानं लॉरीची किल्ली शेठच्या हातात दिली. पुन्हा कधी स्टेरिंगला हात लावला नाही.

कारण मला त्याच्या शेवटच्या आजारपणात कळलं. मी त्याच्या उशाशी बसले होते. तो आपणहून बोलायला लागला. त्या दिवशी वाटेत पंक्चर झालं होतं, म्हणून घाटातच दिवेलागण झाली. मोठं वळण. मिरच्यांचा वास. माळेचा आवाज. रेघेवर बैलगाडी, उजवीकडे पांढरा बैल...

"अन् डावीकडं, मामा? मोकळंच होतं?"

मामानं मान हलवली. नाही.

"काय होतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचीही शक्ती नव्हती.

"खांदा लावून चालून राह्यलं होतं, पोरी. जुवाखाली. लहानसं." मग तो फार हळू म्हणाला, "तुह्यायेवढंच झालं होतं."

मामा गेला. आईही गेली. माझी आता पन्नाशी उलटली आहे. कामासाठी त्या घाटातून जावंच लागतं. मी स्वतः गाडी चालवते आणि मोठ्या वळणावर रेघ कधी ओलांडत नाही. मागचे कितीही हॉर्न वाजवोत, शिव्या देवोत. तुटक दिसली तरी नाही. कधी धुक्यात ठसका लागतो. तेव्हा मी समोर बघते, डावीकडे बघत नाही. तो आता केवढा झाला असेल, हे मला माहीत आहे. आरशात रोज दिसतं.

आणि गाडीत माझ्या डावीकडची सीट मी मोकळीच ठेवते. तिथं मी पर्ससुद्धा ठेवत नाही.